काम करून दाखव

जुन्नरच्या कोर्टात वकील शोधायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न सातबाऱ्याचा विचारतात. मलाही विचारला. मी म्हणालो, जमिनीचं काही नाही, मला डेअरीतून काढून टाकलंय. समोरचा वकील साधारण माझ्याच वयाचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "डेअरीची जागा तुमच्या भावकीची आहे का?"

दुसरा वकील दुपारनंतर या म्हणाला, आणि दुपारनंतर तो मोजणीला निघून गेला होता. तिसरे वयस्कर होते, त्यांनी खरं सांगितलं. नोकरीची प्रकरणं इथे कुणी चालवत नाही, ते कोर्ट पुण्याला. सगळ्या तालुक्यात हे काम करणारा एकच माणूस आहे, बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावर बसतो. "जा त्यांच्याकडं. पण भाऊ, रडायचं असंल तर घरी रडून मग जा."

त्या माणसाविषयी मी लिहितो आहे. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी स्वतःच ते दारावर लिहिलेलं नव्हतं. पाटी लावली की बांधाची भांडणं जिना चढून येतात, असं ते म्हणत. ज्याला खरी गरज आहे तो विचारत विचारत येतो, आणि येता येता त्याचा अर्धा राग उतरलेला असतो, तो फायदा वेगळा.

जिना लाकडी आणि उभा होता. खाली तांब्या-पितळेची ठोकाठोक दिवसभर चाले, त्यामुळे वर बोलताना आवाज चढवावा लागे. भिंतीला खिळे होते आणि खिळ्यांना पेंडीच्या रिकाम्या गोण्या टांगलेल्या. गोण्यांत फायली. प्रत्येक गोणीवर खडूने एकेक शब्द लिहिलेला: साखर, द्राक्ष, दवाखाना, शाळेची गाडी, दूध. दुधाची गोणी बऱ्यापैकी फुगलेली होती. मधे एक भलंमोठं टेबल होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. एवढं मोठं टेबल रिकामं ठेवणारा वकील मी तोवर पाहिला नव्हता.

मी आत जाऊन "नमस्कार साहेब" म्हणालो.

"साहेब म्हणू नको," ते म्हणाले. "ती सवय लागली म्हणूनच तुला हा जिना चढावा लागलाय. काय करत होतास?"

मी म्हणालो, मॅनेजर. मग जरा चाचरत म्हणालो, म्हणजे क्वालिटीला होतो.

"पोस्ट विचारली नाही. काम करून दाखव."

मला कळेना. त्यांनी रिकाम्या टेबलाकडे बोट केलं. म्हणाले, आठ वर्षं रोज करत होतास ना, मग हातांना पाठ असेल, कर.

बी.एस्सी. झालेला, बायको असलेला माणूस मी. खाली हातोड्यांचा आवाज चाललेला आणि वर मी हवेतली बाटली हवेतल्या स्टँडमध्ये लावत होतो. दुधाची फॅट काढायची तर आधी बाटलीत ॲसिड घ्यावं लागतं, मग दूध, मग अल्कोहोल, मग बूच लावून बाटली फडक्यात गुंडाळून हलवायची, कारण ती हातात धरवत नाही इतकी तापते. मग ती मशीनमध्ये गरगर फिरवायची. पहिल्या दोन मिनिटांत लाज गेली आणि हात आपोआप चालायला लागले. मधेच त्यांनी मला थांबवलं.

"तोंड का फिरवलंस?"

मी तोंड फिरवल्याचं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, ॲसिड ओतताना वाफ येते, डोळ्यांना लागते.

"मॅनेजरच्या तोंडावर वाफ येत नाही. तो दुसऱ्या खोलीत असतो." मग माझे हात पालथे करून त्यांनी बोटांवरचे काळपट डाग पाहिले आणि दुधाची गोणी खिळ्यावरून खाली काढली. माझं प्रकरण घेतल्याची ती खूण होती, हे मला पुढे कळलं.

त्यांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता. कायदा कामगाराला सांभाळतो, साहेबाला सांभाळत नाही. कामगाराला असं वाऱ्यावर सोडता येत नाही, मॅनेजरला येतं. मालकांना हे आपल्या आधी माहीत असतं, म्हणून ते सगळ्यांना साहेब करून ठेवतात. नुसता शब्द द्यायचा, त्याला काही लागत नाही, आणि पोरं त्या शब्दावर दहा-दहा तास राबतात. कोर्टात मात्र खुर्ची कसली होती यापेक्षा हात काय करत होते हे विचारतात. म्हणून ते आधी हात बघत.

त्या टेबलावर मी पुढे बरंच काही पाहिलं, कारण तारखेच्या आधी मला तासन् तास तिथे बसावं लागे. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर नसलेलं स्टेअरिंग फिरवत होता आणि मागे वळून नसलेल्या पोरांना दम देत होता. दवाखान्यातल्या एका नर्सने टेबलावर चादर घातली, पेशंटला कुशीवर वळवलं आणि चादर बदलली, पेशंट नसताना. द्राक्षाच्या पॅकहाउसमधली एक बाई मात्र काही केल्या करेना. म्हणाली, मला लाज वाटती. तेव्हा हा सत्तरीचा माणूस खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. "मी बघत नाही. तोंडानं सांगत कर." बाई घडाघडा बोलत घड कातरायला लागली, आणि ते भिंतीकडे बघत लिहून घेत राहिले.

इतकं असूनही ते प्रेमळ होते असं मला म्हणता येणार नाही. समोरच्याच्या दुःखाला ते दोन मिनिटं देत. मी पहिल्या दिवशी मालकांचं चांगलं सांगायला लागलो होतो. कॉलेजातून निघाल्या निघाल्या त्यांनी नोकरी दिली, माझ्या लग्नाला येऊन गेले, आमच्या धनगराच्या घरात असा माणूस आधी कधी आला नव्हता. मला वाटत होतं की वकिलाला सगळं खरं सांगावं. ते म्हणाले, "उपकार सत्काराच्या वेळी सांग. इथं तारखा सांग."

तारखा साध्या होत्या. मालकांच्या मेहुण्याचं दूध संकलन केंद्र होतं. त्याच्या दुधात सोडा निघाला. मी ते परत पाठवलं आणि रजिस्टरला लिहिलं. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने मला आत सोडलं नाही. तो आमच्याच शिवारातला. म्हणाला, "पावणं, माझ्यावर रागावू नका, वरून फोन हाय." मला वाटलं काहीतरी गैरसमज झाला आहे, मालक भेटले की मिटेल. म्हणून मी रोज डबा घेऊन वेळेवर गेटवर जाऊन उभा राहायचो. असे बारा दिवस. त्यांची गाडी रोज माझ्या समोरून आत जायची.

याची मला फार शरम वाटत होती. हे वकिलांना सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी पहिल्यांदा मला खुर्चीत बस म्हटलं. डेअरीने लिहून दिलं होतं की मी स्वतःच कामावर यायचा बंद झालो. आणि मी तर बारा दिवस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेटवर उभा. ते म्हणाले, शहाणा असतास तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असतास, आणि तुझी केस तिथेच संपली असती.

कुणी काही आणून दिलेलं ते घेत नसत. मी आईने कढवलेलं तूप नेलं होतं. ते म्हणाले, केस हरली तर हे मला पचायचं नाही आणि जिंकली तर तुला वाटेल तुपाने जिंकली. एकाने टोमॅटोची पिशवी जिन्यातच ठेवून पळ काढला, तर हे खाली उतरून त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला ती अडकवून आले. केस जिंकू असंही त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. निकाल मी देत नाही, मी कागद देतो, एवढंच.

पुण्याला तारीख असली की ते सकाळच्या पहिल्या एसटीने निघत. बसमध्ये केसबद्दल अवाक्षर काढत नसत. कंडक्टरला विचारायचे, आज डबल ड्युटी का, काल किती वाजता सुटलास, आणि उत्तर ऐकता ऐकता तोंड उघडं टाकून झोपून जायचे. मी शेजारी बसून आपल्या उत्तरांची उजळणी करायचो. शाळेपासूनची सवय.

उलटतपासणीच्या दिवशी ती उजळणी काही कामाला आली नाही. डेअरीचे वकील फार मऊ बोलायचे. मला प्रत्येक वाक्यात साहेब म्हणत होते. साहेब, आपलं शिक्षण? साहेब, घराण्यात पहिलेच ना आपण शिकलेले? कौतुकाने विचारत होते आणि मी, सांगायला लाज वाटते, पण खूश होऊन उत्तरं देत होतो. मग त्यांनी फायलीतून एक पत्रिका काढली. लाल-पिवळी, वर गणपती. माझ्या लग्नाची.

"साहेब, ही आपलीच ना?"

माझ्या नावाखाली छापलं होतं: बी.एस्सी., मॅनेजर, आणि पुढे डेअरीचं नाव. आमच्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात. दुसरी मी मालकांना दिली होती. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन, कुंकू आणि अक्षता लावून, पाया पडून. त्या पत्रिकेला आता कोर्टाचा नंबर पडला होता, आणि कोपऱ्यावरचं कुंकू अजून दिसत होतं.

माझ्या वकिलांनी मला आधी तीनदा विचारलेलं होतं, तुझी पोस्ट लिहिलेला आणखी कुठला कागद आहे का. मी तीनदा नाही म्हणालो होतो. लग्नाच्या पत्रिकेला आपण कागद समजतच नाही.

परत येताना ते बसमध्ये झोपले नाहीत. नारायणगाव आलं. मग विचारलं, पत्रिका कुणी छापली. मी म्हणालो, वडलांनी. मॅनेजर कुणी सांगितलं? मी म्हणालो, त्यांना तसं वाटलं असेल, शिकलेला पोरगा, हौसेने टाकलं असेल. ते म्हणाले, ठीक आहे, मग हेच ते कोर्टात सांगतील.

पुढच्याच गुरुवारी ते आमच्या घरी आले. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, धुळीने भरलेले. ते अशिलाच्या घरी जात नाहीत अशी त्यांची ख्याती होती, म्हणून आमची फार धांदल उडाली. आईने चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. वडील खाटेवर बसले होते. जन्मभर मेंढरांमागे चाललेला माणूस. मी अकरावीला गेलो तेव्हा त्यांनी मेंढरं बेल्ह्याच्या बाजारात विकली, आणि तेव्हापासून ते खाटेवर बसतात तेही पाहुण्यासारखे, कडेला.

वकिलांनी त्यांना सरळ सांगितलं. पत्रिकेत चुकीचं छापलंय, ते तुम्ही हौसेपोटी छापलं, एवढं कोर्टात सांगायचंय.

वडील म्हणाले, "चुकीचं कसं? ह्यानंच सांगितलं का न्हाई. परेसवाल्यानं दोनदा इचारलं. म्या तिथनंच ह्याला फोन लावला. ह्यो म्हणला, मॅनेजरच टाका."

घरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. आत माझी बायको होती. तिच्या माहेरच्यांनी स्थळाला होकार दिला तो त्याच शब्दावर.

वडील माझ्याकडे वळले. "न्हवतास का रं तू?"

मी नाही म्हणालो.

"मग काय व्हतास?"

मी काहीतरी सांगायला लागलो, की लॅबमध्ये, म्हणजे जबाबदारीचं काम, सही माझी लागायची. वकिलांनी मला तोडलं. "सांगू नको. करून दाखव त्यांना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, जिन्यावरच्या खोलीत असतो तसा. मी खाली बसलो आणि आमच्या घराच्या फरशीवर, वडलांच्या पायांपाशी, नसलेल्या बाटल्या लावल्या. ॲसिड ओतलं. तोंड फिरवलं. बूच लावलं, फडकं गुंडाळलं, हलवलं. बायको दाराशी येऊन उभी राहिलेली मला कडेने दिसत होती. पुन्हा दुसरी बाटली, पुन्हा तिसरी. कुणी थांब म्हणेना.

शेवटी वडील म्हणाले, "दिवसभर ह्येच?"

मी म्हणालो, हो.

"आमी मेंढरं राखायचो," ते हळू म्हणाले, "पर कुणी दिसभर एका जागी उभं ऱ्हाऊन ह्येच कर म्हणलं न्हवतं." मग वकिलांना म्हणाले, "वकीलसायब, म्या कोर्टात काय बोलू?"

"मघाशी फोनचं बोललात तेवढंच बोला."

वडील पुण्याला आले ते धुतलेलं धोतर नेसून आणि नवं मुंडासं बांधून, लग्नाला निघाल्यासारखे. पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी सांगितलं, "पोरगं आमच्याशी खोटं बोललं. आमी ते खरं मानून छापलं. आमाला वाचता येत न्हाई." डेअरीचे वकील ताबडतोब उठले. ते याचीच वाट पाहत होते. म्हणाले, बाबा, म्हणजे तुमचा मुलगा खोटारडा आहे, असं तुम्हीच म्हणता?

वडलांनी मुंडासं सारखं केलं. "आमच्याशी खोटं बोलला. दुधाशी न्हाई बोलला. दुधाशी बोलला आसता तर आज नोकरीत आसता."

न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि लिहायला सांगितलं. माझे वकील खाली बघत होते. त्यांनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही.

आम्ही जिंकलो. मला पूर्ववत कामावर घ्या, असा हुकूम झाला. डेअरीने घेतलंही, लॅबऐवजी कॅन धुण्याच्या ठिकाणी उभं केलं, पण घेतलं. सासरच्या माणसांनी काही म्हटलं नाही. बायकोने तर मला त्या पत्रिकेविषयी आजवर एक शब्द विचारलेला नाही, आणि तिने विचारावं म्हणून मी किती वर्षं वाट बघतो आहे ते माझं मला माहीत.

एक गोष्ट मला पुढे कळली. पुण्यातल्या एका वकिलांना मी सहज सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, तुझ्या हस्ताक्षरातली आठ वर्षांची रजिस्टरं कोर्टापुढे होती, गेटवरच्या वॉचमनने साक्ष दिली होती, नुसत्या लग्नपत्रिकेने केस पडली नसती. तुझ्या वडलांना पिंजऱ्यात उभं करायची गरज नव्हती. मी त्यांना म्हणालो, आमचे वकील तसा विचार करणारे नाहीत, ते एकही भोक उघडं ठेवत नाहीत. ते म्हणाले, असेल. पण मी तेव्हापासून विचार करतो की ते त्या गुरुवारी धूळ खात आमच्या घरी आले होते ते केससाठी, की मी बसमध्ये त्यांच्याशी खोटं बोललो होतो ते त्यांना कळलं होतं म्हणून. मी त्यांचा ऋणी आहे. माझ्या पोराच्या ताटातलं दूध त्यांच्यामुळे आहे. आणि तरी त्या फरशीची आठवण झाली की मला त्यांचा राग येतो, तो मालकांचाही इतका येत नाही.

निकालाची प्रत त्यांनी स्वतः माझ्या हातात दिली तेव्हा एकच गोष्ट बजावली. घरी वडलांना सगळी वाचून दाखव, एक ओळ गाळू नको.

मी वाचून दाखवली. वडील खाटेच्या कडेला बसून ऐकत होते. निकाल मराठीत होता, सरकारी मराठीत, तरी त्यांना कळत होतं. अकरावा परिच्छेद त्यांच्या साक्षीचा होता. त्यात लिहिलं होतं की, अर्जदाराने आपल्या पित्याची फसवणूक केली हे पिता स्वतः शपथेवर सांगतो. आपल्या मुलास खोटा ठरवणारे विधान कोणताही पिता सहजी करणार नाही, त्यामुळे ते विश्वासार्ह आहे. मी दहाव्यावरून बाराव्यावर गेलो. आवाज बदलू दिला नाही.

वाचून संपल्यावर वडील म्हणाले, "माझं काय लिव्हलंय?"

मी म्हणालो, तुमची साक्ष बरोबर धरली, एवढंच.

"तू खोटं बोल्ला, त्ये न्हाई ना लिव्हलं?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "बोल्लेलं इसरतं माणूस. कागद ऱ्हातो."

दुसऱ्या दिवशी मी जुन्नरला गेलो, हुकूम डेअरीत कसा द्यायचा ते विचारायला. टेबलापाशी एक टेम्पो ड्रायव्हर हात हलवत उभा होता. वकिलांनी मला पोच कशी घ्यायची ते दोन वाक्यांत सांगितलं. मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "वाचलंस सगळं?"

"वाचलं."

"अकरावा?"

"तोही."

"काय म्हणाले?"

मी म्हणालो, काही नाही म्हणाले, नुसते ऐकत होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेम्पोवाल्याला म्हणाले, हं, पुढं, ब्रेक दाबलास, मग? आणि मला म्हणाले, "दार लोटून घे."